बेडकीचा तोल

“आधी दार लावून घे. खटका वाजेपर्यंत. मग देवाचं नाव घे, अकरा वेळा, घाई न करता. आणि मगच किल्लीला हात लाव.”

हे सांगताना ह्यांनी कधी आईकडे पाहिलं नाही. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे ते समोरच्या काचेकडे बघत, गुडघ्यांवर हात ठेवून बोलायचे. एरवी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस गाडीत बसला की नामाची आठवण करून देतो, याचं आईला तेव्हा मोठं अप्रूप वाटायचं. आपल्या नेमाचा मान राखतात, असं समजून तिनं ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं. आज सकाळपासून ते सारखं वर येत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ती अंगणातल्या आवाजांकडे कान लावून होती.

सहा वर्षांनी तिची तिन्ही मुलं एका अंगणात होती. थोरला दादा बॉनेटखाली अर्धा शिरला होता. मधला, शाळेत गणित शिकवणारा, म्हणून घरातही मास्तरच झालेला, हातात पाना घेऊन चार पावलं लांब उभा होता, कुणी बोलावलं तर जावं अशा बेतानं. धाकटी चिऊ चाकांत हवा भरत होती आणि मधूनच दोघांनाही ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटत होती. तिघांच्या मधोमध ह्यांची जुनी गाडी, बेडकी, उभी होती. हिरवी, फुगीर डोळ्यांची, एका कुशीवर जराशी कललेली.

तिच्या काचेवर पालिकेची नोटीस डकवलेली होती. बंद वाहन सोमवारपर्यंत हलवावे, नाहीतर उचलून नेण्यात येईल. गाडी चालती असती तर नोटिशीला अर्थ नव्हता. पण सहा वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून बेडकीनं एकदाही धुगधुगी दाखवली नव्हती. दोन मिस्त्री येऊन गेले, दोघांनीही दोष सापडत नाही म्हणून हात झटकले. म्हणून नोटीस आल्यावर दादानं भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. आज दुपारी चार वाजता तो ट्रक घेऊन येणार होता.

गुरुवारी वन्संचा फोन आला नसता, तर आई काहीच बोलली नसती. एकोणीस वर्षांनी आलेला आवाज तिनं पहिल्या श्वासालाच ओळखला. वन्सं आता ऐंशीच्या होत्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या निवासात राहत होत्या. ख्यालीखुशाली नाही, आढेवेढे नाहीत.

“ती हिरवी आहे का अजून?”

“आहे.”

“मग तीच घेऊन ये मला न्यायला. दुसऱ्या गाडीत मी पाय ठेवायची नाही. आणि चालवत तू ये. पोरांना पाठवू नकोस.”

“रविवारी येते, वन्सं,” आई म्हणाली. कुणाला न विचारता, गाडी बंद आहे हे न सांगता. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसली होती.

भांडण झालं होतं ते याच गाडीत. ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बेडकीचे स्प्रिंग मुळातच असे की कोण कुठे बसतं यावर ती कुठे कलणार ते ठरायचं. म्हणून लांबचा प्रवास असला की हे सगळ्यांना कार्यशाळेतल्या मोठ्या काट्यावर एकेक करून उभं करायचे, पाटीवर आकडे मांडायचे आणि त्याप्रमाणे जागा वाटायचे. वन्सं अंगानं भरलेल्या, म्हणून पुढची डावी जागा त्यांची. आई काडीसारखी, म्हणून ती मागे मुलांमध्ये. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एकदा भर प्रवासात, मुलांच्या देखत, आई म्हणाली, “नवऱ्याशेजारची जागा किलोवर ठरत नाही, वन्सं.” आवाज चढवला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. पुढच्या थांब्यावर वन्सं उतरल्या, पिशवी खांद्याला अडकवून बसची वाट बघत उभ्या राहिल्या, आणि पुन्हा या घरात आल्या नाहीत.

ह्यांनी कुणालाच बोल लावला नाही. फक्त त्या जागेच्या पायाशी वीस किलोचं बिडाचं वजन आणून ठेवलं, कारण आई तिथं बसूनही तोल साधत नव्हता. पुढची तेरा वर्षं आई नवऱ्याशेजारी बसली, त्या वजनाच्या कडीवर पाय टेकवून. हवी ती जागा मिळाली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ते बीड पायाखाली वाजत होतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. आईनं चहाचं आधण ठेवलं.

*

दादा लिफ्टचा तपासनीस होता. यंत्र बघायचं, कान लावायचा आणि ‘वापरास अयोग्य’ असा शिक्का मारायचा, हे त्याचं रोजचं काम. सकाळी आईनं आत्याला दिलेल्या शब्दाची गोष्ट सांगितली तेव्हा तो चिडलाच होता. आत्याला आणायला त्याची स्वतःची गाडी उभी होती, थंड हवेची, नवी. ते त्यानं बोलूनही दाखवलं. आई एवढंच म्हणाली होती, “मी त्यांना हीच आणते म्हणून सांगितलंय.” वाद घालायला तिनं जागाच ठेवली नाही. आईशी भांडणं म्हणजे धुक्याला धक्का मारण्यासारखं, हे दादाला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यानं नवीन बॅटरी आणली होती, ताजं पेट्रोल आणलं होतं. किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात घरघरायचा, आणि पुढे काही नाही. तासाभरानं तो घामाघूम होऊन मडगार्डवर टेकला.

“माझ्यानंतर कुणी हात लावला नसता तर ही वेळ आली नसती,” तो म्हणाला. कुणाकडेही न बघता.

मास्तरनं पाना खाली ठेवला. सहा वर्षांपूर्वी तो एक मिस्त्री घेऊन आला होता, तेव्हा दादा हेच म्हणाला होता, आणि वर असंही, की खडू धरणाऱ्यानं पान्याच्या नादी लागू नये. तेव्हापासून मास्तर या फाटकातून आत आला नव्हता. चिऊनं दोघांकडे पाहिलं आणि पंप टाकून मध्ये येऊन उभी राहिली.

“कुबडी आठवते का रे?” तिनं विचारलं.

चिऊचं हे जुनं कसब होतं. आग दिसली की ती पाणी नाही, भलतंच काहीतरी ओतायची.

“तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा,” मास्तर म्हणाला.

“म्हणूनच विचारतेय.”

कुबडी ही बाबांची पहिली गाडी. तिला दार एकच, तेही तोंडाला. कपाटासारखं पुढून उघडायचं. बाबांनी ती एकदा बँकेच्या भिंतीला नाक लावून उभी केली. दार उघडेना, आणि कुबडीला मागे जायचा गिअरच नव्हता. आई, बाबा, दादा आणि तान्हा मास्तर, चौघं काचेच्या बरणीत ठेवल्यासारखे आत बसून राहिले, बँकेत येणारे लोक वाकून बघत राहिले. शेवटी एका जाड्या गृहस्थानं तिला दोन हातांनी मागे ओढलं आणि बाबांनी खाली उतरून त्यालाच विचारलं, आपलं वजन किती.

हे दादानं सांगितलं. सांगता सांगता तो हसायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण मास्तरकडे बघून हसतोय.

मग टपाल निघाली. टपाल म्हणजे लिलावातली जुनी पोस्टाची व्हॅन. बाबांनी तिला दोनदा निळा रंग दिला, पण उन्हात तापली की खालची अक्षरं वर यायची. सिग्नलला थांबली की लोक खिडकीतून पत्रं टाकायचे. मास्तरचं म्हणणं, बाबा ती पत्रं पेटीत नेऊन टाकायचे. दादाचं म्हणणं, जवळची असली तर स्वतः घरपोच द्यायचे, आणि एकदा तर एका बाईनं त्यांना उत्तर लिहून होईपर्यंत दारात थांबवून घेतलं होतं.

“आणि ही,” मास्तर बेडकीच्या छपरावर हात ठेवत म्हणाला, “हिनं तर चिऊला ओकून टाकलं होतं.”

तेही खरं होतं. चिऊ चार वर्षांची असताना वळणावर दार उघडून गवतात घरंगळली होती. गाडी इतकी सावकाश चालली होती, की ती उठून पळत पळत पुन्हा गाडीत चढली आणि मग रडली. बाबा मात्र पांढरेफटक पडले होते. त्यानंतर आठवडाभर ते दोन्ही दारांशी काहीतरी खाटखुट करत होते, कुणालाही जवळ येऊ देत नव्हते.

चहा घेऊन थोरली सून बाहेर आली. ती इस्पितळात नर्स होती, तिला बंद पडलेल्या गोष्टींकडे शांतपणे बघायची सवय होती. कप वाटून तिनं बॉनेटखाली डोकं घातलं आणि एका लहानशा पट्टीवर बोट ठेवलं. पट्टीच्या टोकाला आकडी होती.

“इथं काय अडकवायचं असतं?”

चिऊनं वाकून पाहिलं. “बाबांचं वजन. पितळेचं, शंभर ग्रॅमचं. चोकचा स्प्रिंग तुटला होता ना, म्हणून गार इंजिनाला ती पट्टी वजनानं खाली राहायची. इंजिन धरलं की मी आतून दोरी ओढून वजन उचलायचे. माझं कामच होतं ते.” ती थांबली. “गेलं कुठे ते?”

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. दादानं चहात पाहिलं.

“पितळेचं,” सून सावकाश म्हणाली, “डोक्यावर कडी असलेलं. आमच्या टेबलावर कागद दाबायला आहे तसं?”

दादाचे कान लाल झाले. बाबा गेले त्या आठवड्यात तो इथं एकटा आला होता. काहीतरी बाबांच्या हातचं असावं म्हणून त्यानं ते आकडीतून काढून खिशात टाकलं होतं. एवढंसं वजन, गाडीचा भाग थोडाच असेल, असं वाटलं. सहा वर्षं तो मिस्त्र्यांना आणि भावाला दोष देत होता, आणि लिफ्टचे अहवाल त्याच वजनाखाली ठेवत होता.

चिऊ खोखो हसायला लागली. मग मध्येच तिचं हसू कापल्यासारखं थांबलं.

“लाकडी चिमटा,” ती म्हणाली. “कपडे वाळत घालायचा. तो प्लगच्या तारेला इंजिनाच्या अंगापासून लांब धरायचा का रे?”

“तो कुठे आहे?” दादानं विचारलं.

“माझ्या व्हॅनमध्ये. आरशाला.”

दोघांनीही एकाच वेळी मास्तरकडे पाहिलं. शर्टाच्या खिशातून त्यानं खडूची डबी काढली, डबीतून एक काळपट बूच काढलं आणि मडगार्डवर ठेवलं. बुचाच्या कडेला सुरीनं खाच पाडलेली होती. पेट्रोलच्या टाकीला श्वास घेता यावा म्हणून बाबांनी पाडलेली. मास्तरनं आणलेल्या मिस्त्रीनं तिथं नवं घट्ट झाकण बसवलं होतं. बूच मात्र मास्तरनं स्वतःपाशी ठेवलं होतं आणि सहा वर्षं रोज शाळेत नेलं होतं.

मग दादानं घड्याळ पाहिलं. अडीच.

“चिऊ,” तो म्हणाला, “माझ्या घरी जायला तुला किती वेळ लागेल?”

*

चिऊ पावाच्या कारखान्याची व्हॅन चालवायची. पहाटे चारला निघून सातच्या आत छत्तीस दुकानं, हे तिचं रोजचं. गावातली प्रत्येक गल्ली तिला उलट्या बाजूनंही ठाऊक होती. वहिनीला शेजारी बसवून तिनं व्हॅन अशी काढली, की मागच्या रिकाम्या क्रेटनी एकदम टाळ्या पिटल्या.

आरशाला चिमटा लटकत होता. सहा वर्षं त्यानं दुकानांच्या याद्या धरल्या होत्या. चिऊला तो दिवस आठवला. बाबांच्या जाण्यानंतर अंगणात बसून तिनं बॉनेट उघडलं होतं, आणि त्या सगळ्या काळ्या यंत्रात हा एवढासा चिमटा बघून तिला रडू आलं होतं. बाबांनी तो आईच्या दोरीवरून उचलला असणार. आई तेव्हा नक्की म्हणाली असेल, एक चिमटा कमी कसा. म्हणून चिऊनं तो घेतला. गाडी त्यावाचून चालणार नाही हे तिच्या मनातही आलं नाही. तिच्या, जी गाडी चालवूनच पोट भरते.

“तुम्ही तिघंही तसलेच,” वहिनी दरवाज्याची मूठ घट्ट धरून म्हणाली. “पेशंटची आठवण म्हणून त्याचीच नळी काढून नेणारे.”

चिऊ इतकी हसली की तिला वळण जवळजवळ चुकलं. दादाच्या इमारतीसमोर वहिनी धावत वर गेली. लिफ्टवर पाटी होती, ‘वापरास अयोग्य’, खाली दादाचीच सही. चार मजले चढून, उतरून ती आली तेव्हा तिच्या मुठीत वजन होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. चिऊनं फक्त गिअर टाकला.

नदीवरच्या पुलावर गर्दी होती. पलीकडच्या रांगेत एक उघडा ट्रक उभा होता, मागे क्रेनचा आकडा लटकलेला. तोही त्यांच्याच बाजूला वळण्यासाठी दिवा लुकलुकवत होता. चिऊनं आणि वहिनीनं एकमेकींकडे पाहिलं. पाववाल्यांची एक गल्ली असते, बेकरीच्या मागून, जिथं पाटीनं मनाई आहे आणि सगळे जातात. चिऊ तिथून गेली.

*

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी वजन आकडीत अडकलं, चिमट्यानं तार उचलून धरली आणि बुचानं टाकीचं तोंड बंद केलं. बूच मास्तरनंच बसवलं. दादानं त्याच्या हातातून ते घेतलं नाही, उलट बाजूला सरून जागा दिली. मास्तरला ते कळलं. त्यानं ते कळल्याचं दाखवलं नाही.

चिऊ डावीकडून आत शिरली, दोरीचं टोक हातात घेऊन बसली. पायाशी ते वीस किलोचं बीड होतं, तिनं पाय वर घेतले. दादा चालकाच्या जागेवर बसला, एक पाय बाहेर जमिनीवर ठेवून, जसा तो सकाळपासून बसत होता. त्यानं किल्ली फिरवली.

स्टार्टर घरघरला. पुढे काही नाही.

पुन्हा. पुन्हा. बॅटरीचा आवाज थकत चालला. दादाचा फोन वाजला, त्यानं ऐकून ठेवून दिला. ट्रक कोपऱ्यावर आला होता, गल्ली कुठली ते विचारत होता. दादानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

मास्तरला त्या क्षणी दादाची फार दया आली. लहानपणापासून गाडी सुरू झाली नाही की पहिली टपली दादालाच बसायची, धक्का नीट मारला नाहीस म्हणून. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण त्याआधी पायरीवरून आईचा आवाज आला, रोज असतो तेवढाच हळू.

“दार लाव.”

“काय?” दादा म्हणाला.

“दार उघडं ठेवून बसलायस सकाळपासून. बाबा काय सांगायचे? आधी दार.” ती अंगणात उतरली होती. “ऊठ, मला बसू दे.”

दादानं किल्ली तशीच ठेवली. तो उतरला. आई चालकाच्या जागेवर बसली, इतकी लहान की मास्तरला खिडकीतून तिचे केसच आधी दिसले. तिनं दार ओढून घेतलं. खटका वाजला. मग ती डावीकडे वळली.

“चिऊ, तुझ्याकडचंही.”

चिऊनं दार लावलं.

आणि बेडकीच्या पोटात कुठेतरी टिकटिक सुरू झाली.

बारीक, भराभर, नवं घड्याळ कानाला लावावं तशी. सहा वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. दादाला सर्वांत आधी समजलं. त्याच्या ओठांतून शब्द घरंगळत आले. पंप. पेट्रोलचा पंप. बाबांनी पंपाची वीज दारांच्या चौकटींतून नेली होती, चिऊ पडली त्या आठवड्यात. दोन्ही दारं लागल्याशिवाय पेट्रोल चढणारच नाही. आणि मिस्त्री म्हणजे दार उघडं टाकून, एक पाय बाहेर ठेवूनच काम करणारे. तोही तसाच. सहा वर्षं सगळ्यांनी उघड्या दारानं हिची परीक्षा घेतली होती.

“आई, किल्ली फिरव ना,” चिऊ कळवळून म्हणाली.

आईनं नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मास्तर गणिताचा माणूस. त्याला मोजल्याशिवाय राहवेना. पाच. सहा. टिकटिक जड होत गेली, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. नऊ. दहा. अकराव्या नामाला टिकटिक आपोआप थांबली. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं होतं.

आईनं डोळे उघडले आणि किल्ली फिरवली.

बेडकी खोकली. एकदा, दोनदा, मग तिनं एवढा धूर सोडला की सून तोंडावर पदर घेऊन मागे पळाली. चिऊनं दोरी ओढली. अडखळणारा आवाज एकदम सरळ झाला आणि ते फुगीर हिरवं धूड चारी चाकांवर थरथरायला लागलं. दादानं मास्तरला मिठी मारली, तेलकट हातांसकट. मास्तरचा पांढरा शर्ट दोन ठिकाणी काळा झाला. त्यानं तो काळा होऊ दिला.

*

ट्रक फाटकाशी आला तेव्हा बेडकी चालूच होती. भंगारवाला खाली उतरला, पेन्सिल कानावर ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारून आला. दादानं त्याला शब्द दिला होता आणि दादाचा शब्द म्हणजे शिक्का असायचा. तो चाचरत काहीतरी सांगू लागला. भंगारवाल्यानं हात वर केला. आपल्या मामाकडे अशीच होती, पिवळी, तो म्हणाला. चालत्या गाडीला आकडा लावायचा नाही, हा त्याच्या धंद्यातला नेम होता. मग तो चहाला थांबला, मामाच्या पिवळीबद्दल सांगायला लागला, आणि दादानं त्याला कुबडी सांगायला घेतली.

आईनं किल्ली काढली. नोटीस काचेवरून सुटी करून चौघडी घातली आणि कप्प्यात ठेवली. अंगणात आता दुसराच वाद रंगला होता. चिऊ म्हणत होती, आत्याला आणायला गाडी तीच चालवणार, रस्त्याची सवय तिला आहे. दादा म्हणत होता, इंजिनाचा भरवसा नाही, तो बसेल आणि चिऊ व्हॅन घेऊन मागून येईल. सून म्हणत होती, ऐंशीच्या बाईला एवढ्या धुरात आणायचं तर तिनं बरोबर असायला हवं. मग आत्या कुठे बसणार, यावर तिघं पुन्हा जागा वाटू लागली. चिऊनं तर कार्यशाळेतली पाटीसुद्धा शोधून आणली. कुणाचं किती वजन, यावरून दादा आणि चिऊ एकमेकांना टोमणे मारत होते आणि भंगारवाला पंच झाला होता.

आई तेवढ्यात आत जाऊन आली. तोंड धुतलं, केस नीट केले, पर्स घेतली. पर्समध्ये गाडी चालवायचा परवाना होता. सत्तर पूर्ण झाली तेव्हा डॉक्टरांचा दाखला जोडून तिनं त्याची मुदत वाढवून घेतली होती. का, ते तिनं तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं. वन्संना वारा सोसत नसे, म्हणून तिनं एक शाल घेतली.

गाडीपाशी आली तर मास्तर उभा होता, फाटक उघडं धरून. ट्रकच्या बाजूनं बेडकीपुरती वाट होती. तो काही विचारणार नाही, हे तिला माहीत होतं. तिघांतला तोच तिच्यावर गेला होता.

“आई,” तो हळूच म्हणाला, “अकरा नामं. पंप भरायला तेवढाच वेळ लागतो. बाबांनी ते मोजून ठेवलं होतं.”

“हं.”

“तुझ्या गतीनं मोजलं होतं. मी म्हटलं तर सात सेकंद होतात, तू म्हणतेस तेव्हा वीस.”

आई क्षणभर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. कधी मोजलं असेल ह्यांनी? पहाटे ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि हे पांघरुणात झोपलेले असायचे. झोपलेले आहेत, असं तिला वाटायचं.

मग ती वळून डाव्या बाजूला गेली आणि दार उघडलं.

“हे उतरवतोस?”

मास्तरनं पायाशी ठेवलेल्या बिडाकडे पाहिलं. “तू एवढीशी. ते काढलं तर तोल जाईल गं, एका बाजूला चालेल ती.”

“जाताना चालू दे.”

त्यानं दोन्ही हातांनी कडी धरली आणि वजन उचलून अंगणात ठेवलं. गालिच्यावर एकोणीस वर्षांचा चौकोन उमटला होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद, नवाकोरा. आईनं शाल त्या जागेवर घडी करून ठेवली आणि दार लावलं. खटका वाजला. पलीकडे जाऊन ती बसली, आपलं दार लावलं. खटका वाजला.

टिकटिक सुरू झाली. अंगणात पाटीवर कुणाचं तरी वजन खोडून पुन्हा लिहिलं जात होतं आणि सगळे हसत होते. आईनं डोळे मिटले. घाई न करता तिनं अकरा वेळा नाव घेतलं, मग किल्ली फिरवली, आणि बेडकी डावा खांदा किंचित उचलून फाटकातून बाहेर पडली.